आतल्या माणसाचे तीन ठोके

गेल्या डिसेंबरात माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यासाठी शाळेत आलो होतो. दुपारी आठवीच्या वर्गाला विमानाच्या शेपटाचे काही फोटो दाखवत होतो. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, इथे तर हातसुद्धा जात नाही. मग आतून रिव्हेट कसा मारला?" प्रश्न नेमका होता. मी उत्तर द्यायला सुरुवात केली आणि खेळाच्या तासाची घंटा झाली. खेळाच्या तासापुढे रिव्हेटची काय बिशाद! वर्ग अर्ध्या मिनिटात रिकामा झाला. त्या मुलाचे नाव विचारायचे राहिले. संपादकांनी मराठी पानासाठी काहीतरी लिहा म्हटल्यावर मला आधी तो मुलगाच आठवला. तेव्हा हे उत्तर त्याला, आणि उत्तरासोबत शाळेकडे एक मागणीही आहे.

आधी मी कोण ते सांगतो. मुख्य इमारतीतल्या सन्मानफलकावर माझे नाव सापडणार नाही. त्या फलकावर एनडीएत गेलेल्यांची नावे आहेत, आणि ती असावीतच. मी एसएसबीतून परत आलो, घरी दोन महिने तोंड लपवले आणि 1981 साली वायुसेनेत एअरमन म्हणून भरती झालो. तांबरमला एअरफ्रेम फिटरचे काम शिकलो. विमानाच्या अंगाचा पत्रा, फासळ्या, सांधे, हेच पुढे आयुष्यभराचे काम झाले. निवृत्तीनंतर साताऱ्याकडे परतायचे ठरले होते, पण मुलांच्या शाळा, मग त्यांच्या नोकऱ्या, असे करत चेन्नईतच राहिलो. घर सेलैयूरला, तळापासून जवळ. सकाळी विमानांचा आवाज आला नाही तर चहा गोड लागत नाही.

माझा एक तमिळ कोर्समेट इथेच राहतो. त्याने आपल्या घराच्या गॅरेजमध्ये दोन माणसांचे छोटे विमान बांधायला घेतले आहे. अमेरिकन किट आहे, सगळे ॲल्युमिनियमचे. चार वर्षे झाली, त्याची गाडी रस्त्यावर उभी असते आणि बायको रोज एकदा विचारते की हे उडणार कधी. आठवड्यातून तीन संध्याकाळी मी त्याच्या मदतीला जातो.

हा वेडेपणा नवा नाही, आणि या भागाला तर मुळीच नाही. ग्रँड सदर्न ट्रंक रोडवर मीनंबाक्कम विमानतळ सोडून तांबरमकडे निघालात की आधी पल्लावरम लागते. तिथे 1910 च्या मार्च महिन्यात जाकोमो दांजेलिस नावाच्या माणसाने स्वतःच्या कल्पनेतून बांधून घेतलेले विमान उडवले. हा गृहस्थ मद्रासच्या माउंट रोडवर हॉटेल चालवत असे, आणि विमान त्याने सिम्प्सन कंपनीच्या कारागिरांकडून करून घेतले. ते कारागीर बग्ग्या बांधणारे. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला तेव्हा पुरती सात वर्षेही झाली नव्हती. पल्लावरमच्या पुढे क्रोमपेट. तिथल्या मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत अब्दुल कलाम विमानशास्त्र शिकले. तिथे ठेवलेली दोन निवृत्त विमाने बघत आपण तासन्‌तास बसायचो, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. आणि आपल्याकडे मुंबईत कांदिवलीच्या चारकोपला कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. 2016 च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी ते पाहिले आणि 2017 च्या नोव्हेंबरात त्याची रीतसर नोंदणी झाली. गच्चीवरून ते विमान क्रेनने खाली उतरवतानाचे दृश्य तुमच्यापैकी काहींच्या वडिलांनी टीव्हीवर पाहिले असेल.

दांजेलिसच्या काळातली विमाने लाकूड, तारा आणि कापडाची असत. रिव्हेटचा प्रश्न आला तो धातूच्या पत्र्याची विमाने बांधायला लागल्यावर.

रिव्हेट म्हणजे टोपी असलेली बिनआट्यांची खिळी. आमच्या विमानात बहुतेक ठिकाणी 3.2 मिलिमीटर, म्हणजे इंचाचा आठवा भाग जाडीचे रिव्हेट आहेत. दोन पत्र्यांच्या भोकातून तो घालायचा. टोपीवर बाहेरून हवेच्या दाबाची गन लावायची, तिच्या तोंडाला टोपीच्या आकाराचा स्नॅप असतो. आतून दुसऱ्या टोकाला लोखंडाचा गुळगुळीत ठोकळा टेकवून धरायचा. वायुसेनेत आम्ही त्याला डॉली म्हणायचो, अमेरिकन पुस्तके बकिंग बार म्हणतात. गन बाहेरून ठोके देते, डॉली आपल्या वजनाने अडून बसते, आणि या दोघींच्या मध्ये सापडून रिव्हेटचे आतले टोक चेपून पसरते. पत्र्याबाहेर टोक जाडीच्या दीडपट उरले पाहिजे. ठोकून झाल्यावर आतल्या डोक्याची रुंदी जाडीच्या दीडपट, म्हणजे सुमारे 4.8 मिलिमीटर, आणि उंची जाडीच्या निम्मी, म्हणजे 1.6 मिलिमीटर झाली पाहिजे. कमी ठोकला तर पकड नाही. जास्त ठोकला तर पत्रा ताणतो, डोक्याला चिरा जातात. डॉली तिरकी धरली गेली तर टोक सरळ न पसरता एका बाजूला कलंडते. असे एका छोट्या विमानात दहा हजारांच्या वर रिव्हेट. त्यातले नव्वद टक्के एखादा हुशार दहावीचा मुलगा आठवड्याभरात मारायला शिकेल. गोष्ट उरलेल्यांची आहे.

शेपटाकडे विमान निमुळते होत जाते. फासळ्या जवळ येतात, वरचा आणि खालचा पत्रा एकमेकांकडे झुकतो, आणि शेवटी अशी जागा येते की तिथे मनगट जाते पण मूठ वळत नाही. मूठ वळली तर डोळा पोचत नाही. तुझा प्रश्न या जागेचा होता, बाळ.

पहिले उत्तर असे की ती जागा यायच्या आधी विचार करायचा. कोणता पत्रा शेवटी बंद करायचा हे कागदावर ठरवले तर निम्म्या अडचणी येतच नाहीत. आमच्या मित्राने दुसऱ्याच महिन्यात एक फासळी घाईने बसवली आणि मग तिच्यामागच्या सहा रिव्हेटांपाशी चार दिवस काढले. दुसरे, हत्यार बदलायचे. जिथे कडा जवळ आहे तिथे गन लागतच नाही. चिमट्यासारखा स्क्विझर दोन्ही बाजूंनी दाबून रिव्हेट बसवतो. जिथे गन सरळ लागत नाही तिथे वाकड्या मानेचा स्नॅप. आणि आतल्या बाजूला डॉली लहान हवी. पण इथे एक गंमत आहे. डॉली लहान केली की हलकी होते. हलकी डॉली अडून बसत नाही, उडते. मग ठोके जास्त लागतात, आणि जास्त ठोक्यांनी रिव्हेटचा धातू मऊ राहण्याऐवजी कडक होत जातो आणि शेवटी तडकतो. म्हणून अलीकडे टंगस्टनच्या डॉल्या मिळतात. आकाराने काडेपेटीएवढ्या, पण तेवढ्याच लोखंडाच्या दुपटीहून जड. मित्राने एक मागवली तेव्हा किंमत ऐकून मी त्याला म्हटले, एवढ्यात गावाकडे एक शेळी आली असती. आता ती डॉली मीच कोणाला हात लावू देत नाही. डॉलीच्या कडांना चिकटपट्टी लावायची, नाहीतर शेजारच्या फासळीवर पोचे पडतात. डोळा जात नसेल तर दंतवैद्याचा आरसा, किंवा हल्ली मोबाइलला जोडायचा वायरीच्या टोकाचा कॅमेरा. कानात बोळे आणि डोळ्यावर चष्मा हे तर जेवणाआधी हात धुण्यासारखे.

आणि इतके करूनही जागा हाती लागली नाही तर? तर एका बाजूनेच बसणारा, आत खिळा ओढून फुगवायचा पोकळ रिव्हेट असतो. त्याला मी नावे ठेवणार नाही. केरळचे अशोक थामराक्षन यांनी इंग्लंडमध्ये कुटुंबासाठी बांधलेले चार आसनी स्लिंग विमान मुख्यतः अशा ओढून बसवायच्या रिव्हेटांचेच आहे, आणि ते उत्तम उडते. पण ते विमान पहिल्या रेघेपासून त्या रिव्हेटांसाठी आखलेले आहे. जिथे नकाशात भरीव रिव्हेट सांगितला आहे तिथे आपला हात पोचत नाही म्हणून गुपचूप पोकळ रिव्हेट बसवणे ही वेगळी गोष्ट. किट बनवणाऱ्याला विचारा, त्याने लेखी हो म्हटले तर बसवा. आमच्या मित्राने अशा तीन जागांसाठी विचारले. दोन जागांना होकार आला, एका जागेला नकार. त्या तिसऱ्या जागेने आमचा पोंगलचा आठवडा खाल्ला.

इथपर्यंत हत्यारांची गोष्ट झाली. आता मला जे खरे सांगायचे आहे ते.

अडचणीच्या जागेचा रिव्हेट एकट्याने होत नाही. एक गनवर, एक डॉलीवर. गन चालवणारा बाहेर असतो, मोकळा उभा असतो, त्याच्या हातात आवाज असतो. बघणाऱ्याला कारागीर तोच वाटतो. डॉलीवाला आत असतो, पोटावर झोपलेला, मानेला रग, खांदा फासळीत रुतलेला. तिथे बारीक अंगाचा माणूस लागतो, म्हणून बहुतेक वेळा सर्वांत ज्युनियर आत जातो. आणि रिव्हेट नीट बसला की नाही हे मात्र फक्त त्यालाच कळते. बाहेरून टोपी नेहमीच छान दिसते. आत टोक कलंडले असेल तर ते पाहणारे डोळे, किंवा चाचपणारे बोट, त्या एकट्याचेच.

आवाजात बोलणे ऐकू येत नाही, म्हणून खुणा ठरलेल्या असतात. आतला माणूस डॉलीने रिव्हेटवर टकटक करतो. एक ठोका म्हणजे अजून मार. दोन म्हणजे चांगला झाला, पुढे चल. तीन म्हणजे बिघडला, काढावा लागेल. बाहेर सार्जंट असो की स्क्वाड्रन लीडर, तीन ठोके ऐकू आले की गन खाली. असा नियम. सैन्यात मी जे थोडे नियम पाहिले, ज्यात खालच्याचा शब्द वरच्यावर बिनतक्रार चालतो, त्यातला हा एक.

नियम असतो तसा मोडतोही. 1980 च्या दशकात, एका तळावर, एका मालवाहू विमानाच्या पोटाला ठिगळ लावायचे होते. विमान सकाळी हवे होते. रात्रीचे अकरा वाजलेले. गनवर एक तमिळ सार्जंट, हाताचा पक्का आणि डोक्याचा तापट. आत मी, कारण तेव्हा माझी कंबर अठ्ठावीस होती. आठ रिव्हेट झाले. नवव्याला माझी डॉली घामाने सरकली. बोट फिरवले तर टोक एका अंगाला लवंडलेले. मी डॉली उचलली, आणि दोन ठोके दिले.

का दिले? याचे उत्तर मी चाळीस वर्षे शोधतो आहे आणि ते फार साधे आहे. आधीच्या अर्ध्या तासात मी दोनदा तीन ठोके दिले होते. दुसऱ्या वेळी बाहेरून शिवी ऐकू आली होती. तिसऱ्यांदा ऐकायची नव्हती. आणि ही सवय मला वायुसेनेने लावली नव्हती. ती मी आपल्या शाळेतून घेऊन गेलो होतो. सातवीत असताना डॉर्मिटरीचा सीनियर विचारायचा, "सगळे ठीक?" त्याला एकच उत्तर असे. ठीक नसले तरी.

सकाळी तपासनीस आला. आरसा घातला, टॉर्च मारली. नववा रिव्हेट फ्रेमच्या वळलेल्या ओठामागे होता. त्याने सही केली. मी चहाच्या टपरीपर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. मग सार्जंटना गाठून सांगितले, नववा वाईट आहे. ते काही बोलले नाहीत. कप खाली ठेवला, तपासनिसाला सांगून सही मागे घेतली, आणि मला घेऊन हँगरमध्ये आले. रिव्हेट काढणे हे मारण्यापेक्षा नाजूक काम. या धातूच्या रिव्हेटच्या टोपीवर मधोमध एक बारीक खळगा असतो. तो खरे म्हणजे धातू ओळखायची खूण, पण ड्रिलचे टोक तिथेच नीट बसते. टोपीच्या जाडीपुरतेच भोक पाडायचे, पंच घालून टोपी उडवायची, मग दांडा हळूच मागे ढकलायचा. ड्रिल जरा भरकटले की भोक लांबट होते आणि तिथे जाडा रिव्हेट घालावा लागतो. त्या दिवशी भरकटले नाही. विमान तीन तास उशिरा गेले. त्या तीन तासांचा हिशेब वर कोणी दिला मला माहीत नाही, माझ्यापर्यंत काही आले नाही.

पुढच्या कामाच्या वेळी मी आत शिरल्यावर सार्जंटनी गन लावली नाही. बाहेरून ओरडले, "तंबी, आधी तीन ठोके दे." मी म्हटले, अजून एकही मारला नाही सर. "दे." मी कोऱ्या पत्र्यावर तीन ठोके दिले. तेव्हा म्हणाले, "आता हाताला सवय झाली. चल." त्यानंतर त्यांच्याबरोबरच्या प्रत्येक कामाची सुरुवात अशीच. पुढे मी सार्जंट झालो, माझ्या आतल्या पोरांना मीही हेच करायला लावले.

एका रिव्हेटचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे, एका रिव्हेटने विमान पडत नाही. बांधणाऱ्याने तेवढी जादा ताकद धरलेली असते. उलट नवशिके घरगुती बांधणारे तर नको इतके रिव्हेट काढतात आणि चांगल्या भोकांची वाट लावतात. थोडा कमी-जास्त झालेला रिव्हेट तसाच राहू देणे हेही शहाणपण आहे. पण तो राहू द्यायचा की नाही हे सगळ्यांनी पाहून ठरवायचे. दडवून नाही.

दडून राहिलेल्या सांध्याचे काय होते ते जपानने पाहिले. एका बोइंग 747 ची शेपटी 1978 च्या जूनमध्ये ओसाकाला उतरताना धावपट्टीला घासली. मागचा दाब धरून ठेवणारा घुमटासारखा पडदा दुरुस्त केला गेला. दोन भाग जोडताना मध्ये एक सलग पट्टी घालून रिव्हेटच्या दोन ओळींनी भार वाहायचा होता. पट्टी दोन तुकड्यांत बसवली गेली, त्यामुळे एका भागात भार एकाच ओळीवर आला. कडेला सीलंट भरल्यावर ही चूक सहज दिसण्यासारखी राहिली नाही. विमान त्यानंतर सात वर्षे, बारा हजारांहून जास्त वेळा उडाले. 12 ऑगस्ट 1985 रोजी तो पडदा फाटला. विमानात 524 माणसे होती, 520 गेली. ती पट्टी बसवताना आत कोण होता, त्याला काही खटकले होते का, हे मला माहीत नाही. पण मी हा अपघात वाचला तेव्हा मला माझा नववा रिव्हेट आठवला.

आता गॅरेजकडे येतो. मित्राची भाची बारावीत आहे. ती त्याला मामा म्हणते, तमिळमध्येही मामाच. मला अंकल. शेपटाच्या शेवटच्या कप्प्यात आमच्या दोघांपैकी कोणाचाही हात आता मावत नाही, तिचा मावतो. गेल्या महिन्यात मी गनवर, ती डॉलीवर. चौथ्या रिव्हेटला तीन ठोके आले. मी थांबलो, पण मनात म्हटले, हे काही खरे नाही. चाळीस वर्षांच्या कानाला चांगल्या रिव्हेटचा आवाज कळतो. शेवटचे दोन ठोके कोरडे, घट्ट पडतात. हा तसाच पडला होता. मी विचारले, "काय झाले?" ती आतून म्हणाली, "अंकल, एका बाजूला जास्त लागतोय." कॅमेरा घातला. तिघांनी मोबाइलवर पाहिले. टोक किंचित एकीकडे सरकलेले होते, पण मापात होते. पुस्तक उघडून चित्राशी ताडून पाहिले. ठेवण्यासारखा रिव्हेट होता, ठेवला. म्हणजे तिचे तीन ठोके चुकीचे होते. तिचा चेहरा उतरला. मी तिला सांगितले, पुढच्या वेळी शंका आली तर पुन्हा तीनच दे, आमची तीन मिनिटे गेली, त्याचे काही नाही. पाचव्याला तिने दोन दिले, सहाव्याला दोन, आणि सातव्याला पुन्हा तीन. सातवा खरेच कलंडला होता. तो काढायला आम्हांला रात्रीचे साडेनऊ वाजले, आणि तिच्या आईचा फोन दोनदा येऊन गेला.

म्हणून माझी शाळेकडे मागणी अशी. आपल्याकडे परेड उत्तम आहे, बूट चमकतात, पलंगाच्या चादरीला घडी दिसत नाही. हे सगळे तपासणाऱ्याला दिसणारे आहे. मुले त्यात तरबेज होतात, मीही झालो होतो. जिथे तपासणाऱ्याचा आरसा पोचत नाही तिथले काम आपण शिकवत नाही. आणि जिथे सीनियर चुकतो आहे हे फक्त ज्युनियरलाच दिसते, तिथे काय करायचे हे तर मुळीच नाही. जुनी कार्यशाळा सध्या खुर्च्या ठेवायला वापरतात असे मला मेळाव्यात दिसले. त्यातला एक कोपरा मोकळा करावा. पत्र्याच्या बंद पेट्या करायच्या, एका बाजूने मनगट जाईल एवढेच भोक. गनवर अकरावी-बारावीचा कॅडेट, आत डॉलीवर सातवी-आठवीचा. मुलीही आता शाळेत आहेत, त्यांच्याही जोड्या. प्रत्येक पेटीत वीस रिव्हेट. आतला जे ठोके देईल त्याची बाहेर वहीत नोंद. मग सगळ्यांसमोर पेटी कापायची आणि नोंद व रिव्हेट शेजारी ठेवून बघायचे.

गुण रिव्हेटला कमी आणि नोंदीला जास्त. वीसपैकी आठ वाईट निघाले आणि आठही वेळा आतून तीन ठोके आले असतील, तर ती जोडी जिंकली. वीसपैकी एकच वाईट निघाला आणि त्यावर दोन ठोक्यांची नोंद असेल, तर हरली. हे गुण हाऊसच्या स्पर्धेत धरावेत. नाहीतर कोणी मनावर घेणार नाही, आपली शाळा मला ठाऊक आहे.

मेळाव्यात हे दोघा-तिघांजवळ बोललो तेव्हा हरकती निघाल्या. एक म्हणाले, आता विमाने कार्बनची होतात, रिव्हेट शिकून काय उपयोग? तेजसच्या सांगाड्यात वजनाने निम्म्याच्या आसपास कार्बन आहे हे खरे. पण तिथेही तुकडे एकमेकांना जोडावेच लागतात, आणि जोडणारा हात आतच असतो. शिवाय मी मुलांना फिटर करायला निघालेलो नाही. दुसरे म्हणाले, आपली बहुतेक मुले लष्करात जातात, वायुसेनेत नाही. तर रणगाड्याच्या पोटातही कोपरे असतात. तिसरी हरकत खरी होती आणि ती मेसमधल्या एका जुन्या कर्मचाऱ्याने हळूच सांगितली: दिवसा सीनियरला तीन ठोके देणाऱ्या पोराचे रात्री डॉर्मिटरीत काय होईल? याला माझ्याकडे यंत्राचे उत्तर नाही. एवढेच सुचते की गुण जोडीला मिळतात. आतल्याने खोटे दोन दिले तर बाहेरचा सीनियरही हरतो. पहिल्या वर्षी दोन-तीन वेळा सगळ्यांसमोर पेटी कापली गेली की सीनियर स्वतःच आतल्याला म्हणेल, शंका असेल तर तीन दे बाबा. शिवाय हाऊसमास्तरांनी त्या आठवड्यात डॉर्मिटरीत जरा जास्त फेऱ्या माराव्यात. तेवढे त्यांनी करावे, एवढी विनंती.

खर्च फार नाही. दोन जुन्या गन आणि चार डॉल्या मी देतो, मित्राकडचा छोटा कॉम्प्रेसर त्याचे विमान झाल्यावर येईल. त्याचे विमान कधी होईल हे त्याच्या बायकोलाही माहीत नाही, तेव्हा तोवर भाड्याने घ्यावा. पत्र्याचे तुकडे भंगारात मिळतात. चष्मे आणि कानाचे बोळे मात्र शाळेने नवीनच विकत घ्यावेत, प्रत्येकाला वेगळे, त्यात काटकसर नको. टंगस्टनची डॉली मी देणार नाही.

प्राचार्यांनी हो म्हटले तर दिवाळीच्या सुटीनंतर मी पंधरा दिवस येऊन राहीन, राहायची सोय गेस्टरूमला झाली तरी चालेल. पहिल्या पेटीत गनवर मी असेन. आत डॉलीवर तो मागच्या बाकावरचा मुलगा हवा. आता तो नववीत असेल. त्याचा हात अजून मावायला हवा, तेव्हा फार उशीर करू नये.